पंचनाम्यात न मावणारी माणसं

दुभती म्हैस आपत्तीत दगावली, तर तिच्या मालकाला सरकारकडून ३७,५०० रुपये मिळतात. त्याच आपत्तीत एखाद्याची झोपडी वाहून गेली, तर ८,००० रुपये. केंद्रीय गृह मंत्रालयानं २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवून दिलेल्या मदतीच्या निकषांतले हे दोन आकडे आहेत, आणि राज्यंही याच तक्त्यावरून हिशेब मांडतात. म्हशीचा दर जास्त आहे असं कुणी म्हणणार नाही. चांगली दुभती म्हैस बाजारात याच्या दुपटीतही मिळणं कठीण. माझा आक्षेप दरांवर नाही, रकान्यांवर आहे. या तक्त्यात भिंती, छपरं, जनावरं, होड्या, जाळी, पिकं यांना स्वतंत्र रकाने आहेत. माणसासाठी ठळक रकाने दोनच. जीव गेला तर वारसांना चार लाख, आणि अपंगत्व आलं किंवा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर टक्क्यांच्या आणि दिवसांच्या हिशेबानं काही हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. जो वाचला, वरून धडधाकट दिसतो, पण ज्याची महिनाभराची मजुरी बुडाली, डायलिसिसची पाळी चुकली, मुलाची अंगणवाडी चिखलात गेली किंवा म्हातारी आई ओल्या घरात तापानं फणफणतेय, त्याच्याबद्दल हा तक्ता फार बोलत नाही.

म्हशीचा आणि झोपडीचा हे दोन आकडे एकाच जागी शेजारी-शेजारी नांदताना पाहायचे, तर गोरेगावच्या आरे कॉलनीइतकी चांगली जागा नाही. मुंबईतले तबेले शहराबाहेर न्यावेत म्हणून १९४९ मध्ये इथे दुग्ध वसाहत उभी राहिली. १,२८७ हेक्टर जमीन, तीसेक तबेला युनिट, सोळा हजारांच्या आसपास जनावरं. मुंबईकराला आरे माहीत असते ती दुधासाठी, पूर्वी छोटा काश्मीर या बागेसाठी आणि अलीकडे २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात तोडलेल्या झाडांसाठी. त्या झाडांमुळे इथल्या २७ आदिवासी पाड्यांची नावं वर्तमानपत्रांत आली. केलटीपाडा, खांबाचापाडा, नवशाचापाडा, मरोशीपाडा अशा वस्त्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबं दुग्ध वसाहतीच्या आधीपासून राहतात. त्यांच्याखेरीज तबेल्यांत शेण काढणारे, धारा काढणारे, वैरण टाकणारे परप्रांतातले मजूर आहेत आणि गेल्या काही दशकांत वाढलेल्या झोपडपट्ट्याही आहेत. उद्या इथे डोंगराचा कडा घसरला किंवा नाल्याचं पाणी युनिटमध्ये शिरलं, तर म्हशीच्या मालकाकडे म्हशीचा पुरावा असेल. म्हैस सांभाळणाऱ्या गड्याकडे मात्र दाखवण्याजोगं फारसं काही नसेल.

ही भीती काल्पनिक नाही. मिठी नदी विहार तलावाच्या सांडव्यापासून निघते आणि आरेच्या उतारावरून मरोळ, साकीनाका, कुर्ल्याकडे जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा याच पट्ट्यात साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसं गेली. २ जुलै २०१९ ला आरेच्या उत्तरेला, मालाडच्या पिंपरीपाडा-आंबेडकरनगर भागात पालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत वस्तीवर कोसळून तीसहून अधिक जीव गेले. १८ जुलै २०२१ ला एकाच रात्री चेंबूरच्या भारतनगरात १९ आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात १० माणसं दगावली. ठिकाणं वेगळी, तरी तिन्ही घटनांतल्या वस्त्या सारख्याच: डोंगराचा उतार, वन किंवा सरकारी जमीन, कागद नसलेली घरं. अशा प्रत्येक घटनेनंतर सकाळी पहिली घोषणा होते ती मृतांच्या वारसांना किती लाख याची. दुसरी, भिंत बांधण्याची. जे जिवंत उरले त्यांची पुढच्या सहा महिन्यांची व्यवस्था कोण, कुठल्या पैशातून करणार, हे त्या घोषणांत नसतं.

कायदा तसा उदार आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्ये आपद्ग्रस्तांना निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, वैद्यकीय सेवा आणि स्वच्छता यांचे किमान निकष ठरवून द्यावेत, विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. कलम ६१ सांगतं की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेद करू नये. पैसाही थोडाथोडका नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांच्या आपत्ती निधीकरता मिळून १,६०,१५३ कोटी रुपये धरले. त्यात महाराष्ट्राचा वाटा सगळ्यांत मोठा, २०२१-२२ या वर्षासाठी सुमारे ४,२९६ कोटी. यातले तीन रुपये केंद्राचे, तर एक राज्याचा. आयोगानं या निधीची वाटणीही करून दिली: ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला, २० टक्के धोका कमी करण्याच्या कामांना आणि १० टक्के पूर्वतयारीला. तातडीच्या मदतीत छावण्या, तिथलं जेवण आणि औषधं येतात, ही गोष्ट मान्य करायला हवी. पण छावणीचा हिशेब साधारण तीस दिवसांचा असतो, आणि छावणीत न जाता शेजाऱ्याच्या ओट्यावर दिवस काढणारं कुटुंब तिच्या हजेरीपटावर येत नाही.

खरी मेख निकषांच्या एका ओळीत आहे. पडलेल्या घराची भरपाई हवी असेल तर ते घर अधिकृत बांधकाम असल्याचं सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेलं असावं, अशी ती ओळ. पक्कं घर पूर्ण पडलं तर सपाटीला १.२० लाख आणि डोंगराळ भागात १.३० लाख रुपये मिळतात, पण या प्रमाणपत्रावर. झोपडीचा दर वेगळा आहे. तिथेही गवत, माती, प्लास्टिक अशा साहित्याची तात्पुरती उभारणी आणि प्रशासनानं तिला झोपडी मानणं, या अटी आहेत. आता आरेतलं नेहमीचं घर डोळ्यांपुढे आणा. कुडाच्या भिंती जाऊन अर्ध्या विटांच्या झालेल्या, वर पत्रा, पुढे पडवी, जमीन दुग्धविकास खात्याच्या नावावर. हे घर झोपडीच्या व्याख्येत बसायला जरा जास्त पक्कं, आणि पक्क्या घराच्या व्याख्येत बसायला कागदाविना. पंचनामा करायला आलेला तलाठी प्रामाणिक असला तरी त्याच्या हातातल्या फॉर्मवर या घराला जागा नाही. कपडे आणि भांड्यांसाठी मिळणारे प्रत्येकी अडीच हजार रुपयेसुद्धा घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून अधिक पाण्याखाली राहिलं तरच. डोंगरउतारावर पाणी दोन दिवस थांबत नाही; ते येतं, धान्य भिजवतं, चूल मोडतं आणि तासाभरात खाली मरोळकडे निघून जातं.

आरेचं दुर्दैव असं की ही वसाहत सरकारी नकाशावर प्रत्येक खात्याच्या हद्दीत आहे आणि कुठल्याच खात्याच्या पोटात नाही. जमीन दुग्धविकास खात्याची. २०२१ मध्ये त्यातला काही भाग राखीव वनात गेला. आरोग्य आणि पाणी ही कामं पालिकेची, पंचनामा महसूलचा. मुंबई उपनगर जिल्हा संपूर्ण शहरी असल्यामुळे इथे ग्रामपंचायत नाही आणि रोजगार हमीही नाही. आदिवासी राहतात, पण हा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रासाठी आखलेल्या कितीतरी योजना पालघर-ठाण्याच्या हद्दीवर थांबतात. याचा सगळ्यांत बोलका पुरावा करोनाच्या काळातला आहे. टाळेबंदीत मजुरी बुडालेल्या आदिवासींसाठी राज्य सरकारनं ऑगस्ट २०२० मध्ये खावटी अनुदान पुन्हा सुरू करायचं ठरवलं. कुटुंबामागे चार हजार, त्यातले दोन हजार रोख आणि दोन हजारांचा किराणा, ११.५५ लाख कुटुंबं, ४८६ कोटी रुपये. निर्णय चांगला होता. लाभार्थी ठरवताना मात्र चार लाख कुटुंबं रोजगार हमीवर काम केलेल्यांतून घ्यायची होती. उरलेल्यांत आदिम जमाती, पारधी, वनहक्कधारक आणि प्रकल्प अधिकाऱ्यांनी निवडलेली विधवा, परित्यक्ता, भूमिहीन, अपंग अशी गरजू कुटुंबं. आरेतलं कातकरी कुटुंब आदिम जमात म्हणून बसू शकत होतं. शेजारचं वारली कुटुंब, ज्यानं मुंबईत राहून रोजगार हमीचं जॉबकार्ड काढणं शक्यच नव्हतं, ते मात्र साहेबांच्या शिफारशीवर अवलंबून. आणि ही मदत टाळेबंदीची म्हणून ठरली, तरी तिचं वाटप दुसरी लाट येऊन ठेपली तेव्हाही चालूच होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे साथीच्या रोगाला माहीत नसतं.

आपत्ती कोसळते एका रात्रीत, पण माणसावर तिचा घाव पडतो हळूहळू, आणि बहुतेक वेळा पंचनाम्याची मुदत उलटून गेल्यावर. २००५ चा पूर ओसरला आणि ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. चिखलात अनवाणी वावरलेली माणसं तापानं गेली. तो मृत्यू पुराचा म्हणायचा की रोगाचा? सरकारी रजिस्टरनं तो रोगाचा मानला, घरच्यांना तो पुराचाच वाटला असणार. दरड कोसळल्यावर वाचलेल्या बाईला रात्री पाऊस वाजला की झोप लागत नाही. तिच्या समुपदेशनाचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा? क्षयरोग्याची गोळी पंधरा दिवस चुकली तर उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागू शकतो. गर्भवतीची तारीख पावसाला विचारून येत नाही. अंगणवाडी महिनाभर बंद राहिली तर कमी वजनाचं मूल तेवढंच मागे पडतं, आणि त्याची आई ज्या घरकामावर जात होती ते कामही तिच्या हातचं जातं, कारण मूल ठेवायला जागा नाही. या सगळ्या गरजा वस्तूंच्या नाहीत, सेवांच्या आहेत. सेवा द्यायला माणूस लागतो, तो आधीपासून नेमलेला असावा लागतो, आणि त्याच्या हातात खर्चाची मुभा असावी लागते. आपला आपत्ती निधी वस्तू मोजून देण्यासाठी घडवला गेला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या निधीचा एक ठरलेला हिस्सा घराच्या पंचनाम्यापासून सोडवून माणसाच्या यादीशी बांधला पाहिजे.

हे जमणार नाही असं म्हणायला जागा नाही, कारण याच राज्यानं ते करून दाखवलं आहे. करोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव आणि त्यांच्यासाठी बालसंगोपनाचं मासिक अनुदान, हा निर्णय जून २०२१ मध्ये झाला. त्यापाठोपाठ करोनानं विधवा झालेल्या बायकांसाठी मिशन वात्सल्य आलं. त्यात तालुक्याची समिती होती, प्रत्येक बाईचं नाव यादीत होतं, आणि वारस दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंतची कामं तिच्या दारी पोहोचवायची होती. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या असतील; पण त्या योजनेनं घर अधिकृत आहे का हे विचारलं नाही, माणूस कोण गेला हे विचारलं. दोनच वर्षांनी, १९ जुलै २०२३ ला खालापूरजवळची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं, पुढे सिडकोकडून घरं बांधून दिली. घराच्या बाबतीत सरकार तत्पर होतं. आईबाप गेलेल्या मुलांची जबाबदारी मात्र तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या खासदार पुत्राचं प्रतिष्ठान घेईल असं जाहीर झालं. त्या उपक्रमाला नावं ठेवायचं कारण नाही. पण करोनाच्या अनाथाला सरकारी हक्क आणि दरडीच्या अनाथाला प्रतिष्ठानाचा आधार, ही तफावत निधीच्या रचनेतली आहे. ती एखाद्या नेत्याच्या चांगुलपणानं भरून निघत नाही.

त्याहून जुना आणि आरेला जास्त लागू पडणारा दाखला नवसंजीवन योजनेचा आहे. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी नव्वदच्या दशकात राज्याची झोप उडवली, तेव्हा १९९५ पासून आदिवासी जिल्ह्यांत ही योजना सुरू झाली. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी आधीच करायची, तिथे धान्य आणि औषधं पाऊस लागण्यापूर्वी पोहोचवायची, गरोदर बायका आणि कुपोषित मुलं हेरून ठेवायची, पाड्यापाड्यावर एक स्वयंसेवक नेमायचा. सगळी योजना ‘आधी’ या शब्दावर उभी आहे. बैल गेला आणि झोपा केला, हा आपला नेहमीचा शिरस्ता तिनं निदान कागदावर तरी मोडला. ओडिशानं १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गमावली आणि त्यातून हाच धडा अधिक पक्का केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना वादळ किनाऱ्याला लागण्यापूर्वी तिथल्या सरकारनं चार हजारांहून अधिक गर्भवती बायका रुग्णालयांत हलवल्या होत्या. कुणाचा महिना कितवा, हे आधीच लिहून ठेवलं असेल तरच हे शक्य होतं. अमेरिकेत २०१२ च्या सँडी वादळानंतर तिथल्या संसदेनं घरं आणि रस्त्यांच्या पैशाखेरीज पन्नास कोटी डॉलर समाजसेवांसाठी राज्यांना वेगळे मंजूर केले. वृद्धांची देखभाल, पाळणाघरं, मानसिक आरोग्य हे त्यातून भागवायचं, आणि कशावर किती खर्च करायचा ते राज्यानं ठरवायचं. श्रीमंत देशाचं उदाहरण आपल्याला सरसकट लागू होत नाही. पण तो पैसा नेहमीच्याच समाजसेवेच्या यंत्रणेतून गेला, त्यासाठी नवं खातं उघडावं लागलं नाही, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सगळ्यांत जोरकस आक्षेप अतिक्रमणाचा आहे. सरकारी किंवा वनजमिनीवर राहणाऱ्यांना पैसे देत गेलं तर अतिक्रमणाला मान्यता मिळेल, आणखी झोपड्या उभ्या राहतील, आणि शेवटी तीच माणसं पुढच्या दरडीत सापडतील. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आरेत पाड्यांखेरीज जी दाटी वाढली आहे, तिच्यात दलालांचा हात नसेल असं कोण म्हणेल? पण या आक्षेपात जमीन आणि जीव यांची गल्लत होते. घराची भरपाई देण्यानं जमिनीवरच्या हक्काचा मुद्दा उपस्थित होतो, हे एकवेळ मान्य करू. तापात पडलेल्या मुलाला औषध दिल्यानं कुठला सातबारा बदलतो? आणि सरकार स्वतःच हा फरक रोज पाळतं. आरेत बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर वन खातं वारसांना मदत देतं, जी आता २५ लाखांवर गेली आहे. २०२२ च्या दिवाळीत इथे सोळा महिन्यांची मुलगी बिबट्यानं नेली. अशा वेळी घर अधिकृत होतं का, असा प्रश्न नसतो. दरडीत गेलेल्याचे चार लाख देतानाही तो नसतो. म्हणजे आरेतल्या बिनकागदी माणसाला सरकार पूर्ण नागरिक मानतं, फक्त तो मेल्यावर. जिवंतपणी त्यानं थोडं काही मागितलं तर अतिक्रमणाची आठवण होते. शिवाय पाड्यांच्या बाबतीत अतिक्रमण हा शब्दच उलटा आहे. ते लोक आधी होते, दुग्ध वसाहत नंतर आली.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. कागद मागितला नाही तर यादीत कुणीही घुसेल. ही भीती खरी आहे, पण आपत्तीनंतर चार दिवसांत घाईनं केलेल्या यादीच्या बाबतीत ती सगळ्यांत जास्त खरी ठरते. मे महिन्यात शांतपणे, पाड्यावर उभं राहून, शेजाऱ्यांसमोर वाचून दाखवलेल्या यादीत खोटं नाव टिकणं अवघड असतं. पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकेला आणि अंगणवाडी सेविकेला कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कोण अंथरुणाला खिळून आहे, कुणाची गोळी चालू आहे, हे आजही तोंडपाठ असतं. ते ज्ञान आपत्ती कक्षाच्या संगणकापर्यंत पोहोचत नाही एवढंच. कागदाच्या अटीबद्दल तर सर्वोच्च न्यायालयानं स्वराज अभियानच्या दुष्काळ प्रकरणात मे २०१६ मध्येच सांगून टाकलं आहे की दुष्काळी भागात केवळ शिधापत्रिका नाही म्हणून कुणाला धान्य नाकारता येणार नाही. ओळखीचा किंवा रहिवासाचा दुसरा पुरावा पुरे. मराठवाडा होरपळत होता तेव्हाचा हा निकाल आहे. दुष्काळाला जे लागू, ते दरडीला का नको?

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो अधिकाऱ्यांच्या तोंडी नेहमी असतो: निधी मर्यादित आहे, माणसांना वाटत बसलो तर भिंती कशातून बांधायच्या? दुष्काळाच्या त्याच निकालात न्यायालयानं पैशांच्या तंगीची सबब कायदेशीर कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही असंही म्हटलं आहे; पण न्यायालयाचा दंडुका न उगारता साधा हिशेब करू. रोजगार बुडालेल्या कुटुंबाला दिवसाला रोजगार हमीच्या दरानं दोन प्रौढांची मजुरी द्यावी, अशी एक तरतूद, ठळक नसली तरी, २०२२-२६ च्या निकषांत आहे. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये. म्हणजे कुटुंबाला दिवसाचे ६२४, आणि तीस दिवसांचे १८,७२० रुपये. एका मृत्यूच्या चार लाखांत एकवीस कुटुंबांचा महिना निघतो. मृत्यूची मदत कमी करा असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच की जिवंत माणसाला सांभाळणं परवडत नाही, हे म्हणणं आकड्यांवर टिकत नाही. दुसरी बाब पूर्वतयारीच्या दहा टक्क्यांची. महाराष्ट्राच्या २०२१-२२ च्या आकड्यावर ते सुमारे ४३० कोटी होतात. प्रशिक्षण, शोध आणि बचावाची साधनसामग्री यांना ते लागतातच. पण त्यातला दहावा भाग जरी आशा, अंगणवाडी आणि आरोग्य स्वयंसेविका यांच्या हाती, पावसाळ्यापूर्वी, खर्चाच्या अधिकारासह दिला तर ते वर्षाला ४३ कोटी होतील. या बायका आज आपत्तीत जे काम करतात ते बहुतेक वेळा बिनपैशाचं आणि बिनहुद्द्याचं असतं.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला सगळ्यांत विचार करायला लावतो. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, रेशन, जनधन या योजना आहेतच. आपत्तीसाठी वेगळी सेवा कशाला? एप्रिल २०२० पासून जनधन खात्यांवर बायकांना तीन महिने दरमहा पाचशे रुपये थेट पोहोचले, हे या म्हणण्याच्या बाजूचं भक्कम उदाहरण आहे. तयार यादी असेल तर सरकार काही दिवसांत कोट्यवधींपर्यंत पोहोचू शकतं. म्हणून वेगळी योजना नकोच. जुन्याच योजनांतून आपत्तीच्या महिन्यात जादा रक्कम आणि जादा सेवा जावी, हे बरोबर. अडचण या याद्यांच्या कडेला उभ्या असलेल्यांची. शहरात प्राधान्य रेशनकार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांहून कमी. मुंबईत दोन घरची धुणीभांडी करणारी बाई ही मर्यादा ओलांडते आणि तरीही एका पावसात उघडी पडते. तबेल्यातल्या गड्याचं कार्ड त्याच्या गावी असतं. एक देश एक रेशनकार्ड आलं, धान्य इथे उचलता येतं. पण पेन्शन, बालसंगोपन, निराधार या योजना अजून रहिवासाच्या दाखल्यापाशी अडतात. आपत्तीच्या काळापुरती ही अट शिथिल करायला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. नवसंजीवन योजनेची व्याप्ती मुंबई उपनगरातल्या पाड्यांपर्यंत, म्हणजे आरे आणि तिला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानातल्या वस्त्यांपर्यंत वाढवायलाही तेवढंच लागतं. आणि अधिकृत बांधकामाच्या दाखल्याची अट घराच्या भरपाईपुरतीच आहे, अन्न, औषध, मजुरी आणि मुलांच्या देखभालीला ती लागू नाही, असं निकषांत स्पष्ट लिहून घ्यायचं, तर त्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा लागेल. वित्त आयोगाच्या प्रत्येक नव्या कालखंडाबरोबर हे निकष नव्यानं लिहिले जातात, तेव्हा ती वेळ असते.

दरवर्षी मे महिन्यात मुंबईत पावसाळापूर्व आढावा होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडे येतात: नालेसफाई किती टक्के, गाळ किती टन, पंप किती, दरडप्रवण ठिकाणं किती. येत्या मे महिन्यात ती बातमी वाचाल तेव्हा आपल्या नगरसेवकाला, आमदाराला एक आकडा आणखी विचारा. आपल्या प्रभागातल्या उतारावरच्या वस्त्यांत गरोदर किती, अंथरुणाला खिळलेले किती, एकटे म्हातारे किती, त्यांची यादी कुणाकडे आहे आणि पहिल्या रात्री त्यांच्यावर खर्च करायला त्या माणसाच्या हातात किती रुपये दिलेत?